टाकीच्या नावाचा पेला

योंगफूच्या पडवीत दाराशेजारच्या खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली असे. तिच्यात पोलादाचे एकेचाळीस तुकडे होते. बोराएवढे, कुणाला टोक, कुणाला धार, दोन सारखे नाहीत. लढाईच्या काळात पलीकडच्या किनाऱ्यावरून किनमेन बेटावर जे तोफगोळे पडले, त्यांच्या पोलादाचे सुरे घडवणारा एक लोहार बाजारात बसायचा. सुरा कापून उरलेले हे कपटे. योंगफूनं ते पंचविशीत त्याच्याकडून मागून आणले होते. आता योंगफू अडुसष्ट वर्षांचा होता, आणि तुकडे अजून एकेचाळीसच होते.

त्याचं काम मोटरसायकलच्या टाक्यांचं. बेटाची हवा अशी की खिळा उघड्यावर विसरावा आणि दुसऱ्या दिवशी तो तांबडा होऊन भेटावा. बाहेरचा गंज कुणीही पुसतो. आतला दिसत नाही. टाकीत पेट्रोल कमी असलं की वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा जाऊन बसते, गारठ्यानं तिचं पाणी होतं, पाणी तळाला उतरतं आणि तळ खायला लागतं. मग एक दिवस गाडी भर ओहोटीच्या चिखलात खोकते आणि बंद पडते. लोक म्हणतात गाडी म्हातारी झाली. योंगफू म्हणायचा, "गाडीला काही झालं नाही. तिचं पोट बिघडलंय. पोट तेवढं माझ्याकडे आणा."

पोट आलं की तो पेट्रोलचा कॉक काढायचा, भोकं रबरी बुचांनी बंद करायचा आणि तुकडे एकेक करून आत सोडायचा, मोठ्यानं मोजत. मग टाकी मांडीवर घेऊन हलवत बसायचा. पाऊण तास, कधी तासभर. आधी आतून ओल्या वाळूसारखा बोजड आवाज यायचा. हळूहळू तो मोकळा व्हायचा, आणि पोलाद पोलादावर खणखणायला लागलं की समजायचं, गंज सुटला. मग तुकडे मोजून बाहेर. एकेचाळीस आत, एकेचाळीस बाहेर. एखादा राहिला तर तो आयुष्यभर आत खडखडणार आणि नंतर चढवलेलं औषधाचं अस्तर ओरबाडणार.

त्यानंतर ज्वारीचा शिरका भरून दोन दिवस. मग पाणी, मग खायच्या सोड्याचं पाणी, परत पाणी. आणि मग सगळ्यांत अवघड काम: आतला ओलावा शेवटच्या थेंबापर्यंत काढणं. लोखंडावर ओल राहिली तर वर कितीही भारी औषध ओता, ते धरत नाही.

ओल काढायला योंगफू दारू वापरायचा. बेटावर ज्वारीची दारू सगळ्यालाच चालते. सर्दीला, मुरगळलेल्या पायाला, देवाला आणि जावयाला. पण योंगफूची दारू दुकानातल्या बाटलीतली नव्हती. त्याच्या बायकोचा, यिनहुआचा, थोरला भाऊ भट्टीवर होता. तो वर्षातून एकदा पहिल्या धारेची दारू मोठ्या मातीच्या बरणीतून पाठवायचा. काडी जवळ नेली तरी भडकणारी. टाकीत फिरवली की ती उरलंसुरलं पाणी पोटात घेऊन उडून जायची. योंगफू ती दोनदा फिरवायचा, केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा द्यायचा आणि मग झाकणाच्या भोकाला नाक लावायचा. दारूचा वास येतोय तोवर टाकी ओली. वास सरला की कोरडी. चाळीस वर्षं त्याचं नाक चुकलं नव्हतं, आणि हे तो स्वतःच लोकांना सांगायचा.

टाकी कोरडी झाली की दोन डब्यांतलं औषध एकत्र घोटून आत ओतायचं आणि आजारी माणसाची कूस बदलावी तशी टाकी हलक्या हातानं फिरवायची; या अंगावर, त्या अंगावर, उताणी, पालथी. औषध कानाकोपऱ्यांत पोचून अस्तर धरतं. उरलेलं निथळून काढायचं. चार दिवस हात लावायचा नाही.

आणि निथळणं सुरू झालं की त्याच बरणीतला एक पेला योंगफू स्वतः घ्यायचा. टाकीच्या नावाचा पेला. हा रिवाज त्याचा त्यानंच पाडला होता.

गेल्या शरदात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या यकृताचा फोटो उजेडावर धरून दाखवला आणि दारू बंद करायला सांगितलं.

"सगळी?" योंगफूनं विचारलं.

"सगळी."

"आणि टाकीच्या नावाचा पेला?"

त्यांनी तो काय प्रकार आहे ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टाकीला यकृत नसतं, काका. टाकीलाच पाजा."

यिनहुआ शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती हसली नाही.

घरी येऊन योंगफूनं जेवणातली दारू सोडली, पाहुण्यांबरोबरची सोडली. टाकीच्या नावाचा पेला मात्र ठेवला. तो पिण्यात मोडत नाही, कामात मोडतो, असं त्याचं म्हणणं होतं. पेला पूर्वीपेक्षा जरा मोठा झाला, हे त्यानं सांगितलं नाही आणि यिनहुआनं विचारलं नाही.

नववर्षाच्या फटाक्यांचा लाल कागद अजून अंगणात पडलेला होता, तेव्हा पहिली टाकी परत आली. शाळेच्या शिपायाची. योंगफूनं झाकण उघडून आत बॅटरी मारली, आणि त्याला आपण काय पाहतोय ते कळेना. तापवलेल्या दुधावरची साय काडीनं बाजूला करावी, तसं अस्तर सुटून लोंबत होतं. खाली लोखंड तांबूस. सायीचे तुकडे जाऊन कॉक तुंबला होता.

त्यानं औषधाला दोष दिला, डबे जुने होते म्हणाला, नवे आणले, टाकी फुकटात पुन्हा करून दिली.

महिन्याभरानं पोस्टमनची टाकी आली. नव्या डब्यांतली. तशीच साय.

योंगफू त्या दिवशी पडवीत बराच वेळ बसून राहिला. एकेक पायरी त्यानं बोटांवर घोकली. शिरका दोन दिवस, ठेवला होता. सोडा, घातला होता. घातला होता ना? दारू दोनदा. नाकानं तपासली, कोरडी ठणठणीत होती. मग चुकलं कुठे? काही चुकलं नसेल तर अस्तर सुटणार नाही. अस्तर सुटलं आहे. म्हणजे काहीतरी चुकलं आहे आणि ते आपल्याला आठवत नाही.

इथवर विचार आला आणि त्याला आई आठवली.

त्याची आई सत्तरीला टेकली तेव्हा कालवांच्या शेवयांत दोनदा मीठ घालायला लागली होती. मग तीनदा. सगळे हसायचे, तीही हसायची. मग एका दुपारी ती वाफाळलेली वाटी घेऊन अंगणात उभी राहिली आणि वीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याला जेवायला हाका मारू लागली. वाटी निवेपर्यंत मारत होती. योंगफूनंच ती वाटी तिच्या हातातून सोडवून घेतली होती.

ते माझंही सुरू झालं का? हे त्यानं कुणाला विचारलं नाही. मनाशी एवढंच ठरवलं, की अजून एक टाकी करायची. ती टिकली तर ठीक. तिचंही अस्तर सुटलं, तर भिंतीवरची कामाची पाटी उतरवायची आणि पिशवी लोहाराला परत द्यायची. लोहार मेला होता. पण त्याचा मुलगा होता.

यिनहुआला तो म्हणाला, "डबेवाला फसवतोय."

"मग दुसरा बघ," ती म्हणाली. यिनहुआला टाक्यांतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच तिनं सांगितलं होतं, तुझं टाकीत, माझं चुलीत.

तिसरी टाकी चुनताओची निघाली. चुनताओ कालवं काढायची. ओहोटीला गाडीवर दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून चिखलातल्या दगडी खांबांपर्यंत जायची आणि भरती यायच्या आत भरलेल्या टोपल्या घेऊन परतायची. पन्नाशीची बाई, आवाज लांबवर ऐकू जाणारा.

"दादा, पोट आणलंय," टाकी बाकावर आदळत ती म्हणाली. "काल भरतीच्या तोंडावर बंद पडली. समुद्र मागे, मी पुढे, आणि ही मेली मध्ये! ढकलत आणली. माझ्या नवऱ्याला मी एवढं कधी ढकललं नाही."

"त्याला ढकलायची गरज काय? तो तुझा आवाज ऐकूनच पळतो," योंगफू म्हणाला. बोलून गेला खरा, पण हसू ओठापर्यंत आलं नाही.

"आठवड्यात द्या. टोपल्या पाठीवर नेते तोवर. जास्त दिवस लागले तर पाठ पण तुमच्याकडेच आणीन, अस्तर लावायला."

त्यानं तुकडे मोजून आत सोडले. या वेळी इतक्या जपून, की प्रत्येक आकड्याला थांबून. एकेचाळीस. तासभर हलवली. आवाज सुटला. टाकी पालथी करून तुकडे परातीत काढले आणि मोजले. चाळीस.

पुन्हा मोजले. चाळीस. टाकी कानाशी धरून हलवली. आत काही वाजेना. बॅटरी मारली, आरसा घालून पाहिलं, तारेनं चाचपलं. बाकाखाली पाहिलं, पिशवी उलटी करून झटकली. चाळीस.

मग आत सोडतानाच चाळीस होते? आणि आपण एकेचाळीस म्हणालो? त्रेचाळीस वर्षं जो आकडा आहे तो जिभेवर आपोआप आला, आणि हातात काय होतं ते डोक्याला कळलंच नाही?

टाकीत शिरका भरून तो तसाच उठला आणि गावदेवाच्या देवळात गेला. धुक्याचे दिवस होते. बेटावर वसंतात धुकं उतरलं की विमानंसुद्धा पलीकडेच थांबतात. देवळाच्या छपराची वळलेली टोकं दिसत नव्हती, नुसता उदबत्तीचा लाल ठिपका दिसत होता. देवळाची झाडलोट करणारा होंग, शाळेत त्याच्याच वर्गातला, पायरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता.

योंगफूनं उदबत्ती लावली, आपलं नाव, घराचा पत्ता आणि जन्मतिथी सांगितली, कौलाची दोन लाकडं ओंजळीत धरली. अर्ध्या चंद्रासारखी, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडलं तर देव हो म्हणतो. दोन्ही फुगीर वर आली तर नाही. दोन्ही सपाट वर आली तर देव हसतो.

"माझं डोकं चाललंय, की औषधच खोटं आहे?" त्यानं मनात विचारलं आणि लाकडं टाकली.

दोन्ही सपाट.

पुन्हा टाकली. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही देव हसलाच.

"काय विचारतोयस एवढं?" होंग पायरीवरून म्हणाला. "देवाला गुदगुल्या झाल्यासारख्या झाल्यात."

"आहे एक."

"एक का दोन? दोन विचारलंस तर तो हसणारच. हे की ते, असं विचारतोस आणि त्यानं हो म्हणायचं म्हणजे कशाला म्हणायचं? एकच विचार. सरळ विचार."

योंगफूनं लाकडं पुन्हा उचलली. सरळ प्रश्न त्याला माहीत होता. माझं डोकं चाललंय का? हो किंवा नाही. त्यानं ओंजळ कपाळापर्यंत नेली. लाकडं हातात घामेजली. मग त्यानं ती अलगद ताटात ठेवून दिली.

"काय झालं?" होंगनं विचारलं.

"काही नाही. चुलीवर दूध ठेवून आलोय."

घरात दूध नव्हतं. हे त्याला वाटेत आठवलं, आणि आपण खोटं बोललो की विसरलो, हेही धड कळेना.

टाकी त्यानं पुरी केली. बरणीतली दारू दोनदा फिरवली, यंत्रानं हवा दिली, भोकाला नाक लावलं. वास नाही. खात्रीसाठी पुन्हा लावलं. वास नाही. औषध ओतलं, कूस बदलत राहिला, निथळत ठेवलं, आणि टाकीच्या नावाचा पेला घेतला. थोडं गाणंही गुणगुणला, कारण पेला घेतल्यावर तो गुणगुणायचाच. चुलीपाशी बसून यिनहुआ त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की योंगफूला वाटलं, हिला कळलंय. माझं सुरू झालंय हे हिला कळलंय, आणि ही मला सांगत नाहीय.

चुनताओ टाकी घेऊन गेली. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी धुक्यातून आधी आवाज आला, मग बाई आली, मग तिनं ढकलत आणलेली गाडी.

"दादा! हे अस्तर आहे की उकडलेल्या वांतनाची पातळ पारी? कॉकमधून काय निघालं बघा. मी म्हटलं गाडीनं मासा गिळलाय!"

तिच्या तळहातावर तीच साय होती.

 योंगफूनं टाकी सोडवली, पेट्रोल काढलं, आणि रागानं, कुणावर ते त्यालाच ठाऊक नव्हतं, टाकी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मनगटात कट्‌कन काहीतरी झालं आणि टाकी बाकावर आपटली.

आवाजानं यिनहुआ बाहेर आली. मनगट बघता बघता सुजत होतं.

"बसा खाली," चुनताओ म्हणाली. "वहिनी, वाडगा आणा. दारू पेटवून चोळते. माझ्या बापानं माझा पाय असाच बसवला होता."

"नको," यिनहुआ घाईनं म्हणाली. "मलम आहे माझ्याकडे. चांगलं मलम आहे."

"मलमानं काय होतंय? ही बरणी आहे ना इथं, पहिल्या धारेची? सगळ्या गावाला तर ऐकवतात."

"अगं, भाजेल त्याला."

"भाजायलाच तर पाहिजे!" चुनताओनं वाडगा स्वतःच शोधला, बरणी तिरकी केली, वाडग्यात ओतलं आणि काडी ओढली. अशी दारू पेटली की निळी ज्योत बोटांनी उचलून दुखऱ्या जागी चोळायची असते.

काडी वाडग्याला लागली आणि चर्रकन विझली.

दुसरी. चर्रकन विझली. तिसरी तिनं धरून ठेवली, बोटापर्यंत जळू दिली. काही नाही.

चुनताओनं वाडगा नाकाशी नेला. "दादा, हे काय आहे?"

"दारू," योंगफू म्हणाला.

"हे? यापेक्षा आमच्या घरची रताळ्याची पेज चढते!"

योंगफूनं वाडगा तिच्या हातातून घेतला, वास घेतला, एक घोट घेतला. जीभ टाळूवर फिरवली. "चांगली आहे की. नेहमीची आहे."

चुनताओनं यिनहुआकडे पाहिलं. यिनहुआ जमिनीकडे पाहत होती.

"म्हातारे," योंगफू म्हणाला, "काय आहे यात?"

यिनहुआ उंबऱ्यावर बसली. "पाणी."

"किती?"

"आता बहुतेक पाणीच." तिनं पायघोळ विजारीचं कापड मुठीत धरलं. "हिवाळ्यात तांदळाच्या गोड गोळ्यांचा सण झाला, तेव्हापासून. एक वाटी काढायची, एक वाटी पाणी घालायचं. दर चार-आठ दिवसांनी. डॉक्टरीणबाई एवढ्या बोलल्या, आणि तू पेला मोठा केलास. मला दिसत नाही का?"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायचं काय? मला वाटलं तुला कळलंय! पहिल्याच पेल्याला कळलं असणार. पण तू ओठ चाटलेस आणि म्हणालास, 'वा, या वर्षीची भारी उतरलीय.' मला वाटलं, म्हातारा समजून उमजून पितोय. माझ्यासाठी नाटक करतोय. गाणंसुद्धा म्हणतोय! मी आत जाऊन रडले त्या दिवशी. इतकं चांगलं तू माझ्याशी कधी वागला नव्हतास."

 "मी नाटक नाही केलं," योंगफू म्हणाला.

"म्हणजे?"

"मला ती भारीच लागली."

 धुक्यात कुठेतरी कोंबडा अवेळी आरवला.

मग चुनताओ उठली. तिनं आपल्या गाडीवरून कालवांची रिकामी टोपली आणली. "डोळे मिटा, दादा." टोपली त्याच्या नाकाखाली धरली. "काय आहे?"

"काय?"

"काय आहे सांगा."

"काही नाही."

तिनं शिरक्याचं बूच उघडून धरलं. तो म्हणाला, गार वाटतंय. पेट्रोलचा बोळा धरला. तो म्हणाला, बोट आहे का तुझं? तिनं बोळा काढून घेतला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "डोळे उघडा."

"चाळीस वर्षं त्या औषधाची वाफ," यिनहुआ म्हणाली. "मी सांगायचे, फडकं बांध तोंडाला."

योंगफू वाडग्याकडे पाहत राहिला. आता एकेक गोष्ट जागेवर बसत होती, पण बसताना दुसरीला ढकलत होती. दारूत पाणी, म्हणून टाकीत ओल. नाक मेलेलं, म्हणून ओल्या टाकीला तो कोरडी म्हणत आला. नाक कधी गेलं? दोन वर्षांपूर्वी? पाच? दारू कडक होती तोवर ती आपोआप उडून जात होती. त्याच्या नाकाची कुणाला गरजच नव्हती, आणि तो मात्र गावभर नाक मिरवत होता. म्हणजे डोकं शाबूत आहे का? आनंद करावा, की नाक गेल्याचं दुःख, की चार महिने पाणी पिऊन गाणी म्हटली याची लाज? आणि देव नेमका कशाला हसला होता?

पण मग तो चाळीसचा आकडा? पाण्यानं तुकडा विरघळत नाही. तेवढ्याचं खापर तर कुणाच्या डोक्यावर फोडता येत नव्हतं.

"काढलेली दारू कुठंय?" त्यानं विचारलं.

"पलंगाखाली. लोणच्याच्या बरण्यांत. ओतून कशी देणार? माझ्या भावानं पाठवलेली."

ती पेटली. निळी, उंच. चुनताओनं त्याचं मनगट असं चोळलं की योंगफूनं तिच्या सात पिढ्यांची नावं घेतली, आणि तिनं त्याच्या चुका दुरुस्त केल्या.

मनगट दुखत होतं म्हणून दुसऱ्या दिवशी यिनहुआ त्याच्यासमोर बसली. लग्नाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पडवीतल्या त्या बाकावर. सुटलेली साय रंग काढायच्या द्रावणानं मऊ करून घेतली होती. योंगफूनं तुकडे आत सोडले, मोठ्यानं मोजत. चाळीस. यिनहुआनं एका बाजूनं धरलं, त्यानं दुसऱ्या, आणि दोघांनी टाकी हलवायला सुरुवात केली.

"हळू," तो म्हणायचा.

"तू हळू. माझे दात हलतायत."

साय फाटून गोळ्यागोळ्यांनी बाहेर आली. आवाज मोकळा झाला. त्यानं टाकी पालथी केली, तुकडे परातीत पडले, आणि त्यानं परात तिच्याकडे सरकवली.

"मोज."

"तूच मोज की."

"मला नको. तू मोज."

तिनं शेंगा मोजाव्यात तसे दोन-दोन करून बाजूला केले. "एकेचाळीस."

"पुन्हा मोज."

"म्हाताऱ्या, मला मोजता येतं."

"पुन्हा मोज, यिनहुआ."

तिनं पुन्हा मोजले, या वेळी एकेक करून, त्याच्या तळहातावर ठेवत. एकेचाळिसावा तुकडा बाकीच्यांपेक्षा पातळ होता, त्याच्यावर सायीचं एक पापुद्र्यासारखं साल चिकटलेलं. टाकीच्या पुढच्या टोकाला, जिथं दोन पत्रे दुमडून जोडलेले असतात, त्या फटीत तो उभा रुतून बसला असणार. त्याच्यावर अस्तर चढलं, आता अस्तराबरोबर सुटून आला.

म्हणजे त्या दिवशी एकेचाळीसच आत गेले होते. तो बरोबर म्हणाला होता.

योंगफूनं मूठ मिटली. टोकं तळहाताला टोचत होती. यिनहुआला वाटलं मनगट दुखतंय म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं मलम आणायला उठायचं केलं. त्यानं तिला बसवलं.

"बस. पुढे काम आहे तुला."

शिरक्याचे दोन दिवस गेले. सोडा, पाणी, पाणी. मग पलंगाखालची दारू दोनदा फिरवली, गरम हवा दिली, आणि योंगफूनं टाकी उचलून भोक यिनहुआच्या नाकाशी धरलं.

"येतोय?"

"येतोय. डोक्यात गेला मेला."

पुन्हा हवा. "आता?"

"आता जरासा. लांबून कुणाच्या तरी घरातून यावा तसा."

पुन्हा हवा. त्याला वाटत होतं, झालं असेल. एरवी तो इथेच थांबला असता. ती डोळे मिटून, भुवया आवळून टाकीत नाक खुपसून होती. शिरस्त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला.

"गेला," ती म्हणाली. "आता नुसता लोखंडाचा येतोय."

लोखंडाला वास असतो, हे तो विसरून गेला होता. हे विसरणं मात्र डोक्याचं नव्हतं, एवढं त्याला आता सांगता आलं असतं.

औषध ओतलं. दोघांनी मिळून कूस बदलली. निथळायला ठेवली आणि तो नेहमीच्या जागी, खांबाला पाठ लावून बसला. यिनहुआ आत गेली. आत आता दोन बरण्या होत्या. एकीला तिनं लाल दोरा बांधला होता, एकीला नाही, आणि कुठली कशाची ते तिनं सांगितलं नव्हतं. टाकीसाठी लागेल तेव्हा यिनहुआच काढून देणार, असं ठरलं होतं.

ती पेला घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. टाकीच्या नावाचा. काठोकाठ, स्वच्छ, कुठलाही रंग नसलेला.

योंगफूनं उचलून उजेडाकडे धरला. वास घेतला, सवयीनं. घोट घेतला. जीभ टाळूवर फिरवली.

"हे पाणी आहे का दारू?"

"तूच सांग," यिनहुआ म्हणाली आणि समोर बसून टाकीखालच्या डब्यात पडणारे थेंब बघत राहिली.

त्याच्या खिशात काड्यापेटी होती. हात त्या खिशापर्यंत गेला, वरून पेटी चाचपली, आणि परत पेल्याशी आला.

"या वर्षीची भारी उतरलीय," तो म्हणाला.

आणि हे आपण नाटक करतोय की खरंच म्हणतोय, याचा विचार करत त्यानं पेला संपवला.